वाचकांचे प्रश्न: बागेतली मैफल आणि कुंपणाबाहेरचा आवाज

थंडी पडली की शहरातल्या बागांमध्ये छोटे संगीत महोत्सव भरू लागतात. स्वतःची गाणी करणारे तीन-चार बँड, दोन-अडीचशे श्रोते, गवतावर सतरंज्या. यंदा अशा आयोजनाबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरे.

प्रश्न : आमच्या भागातल्या बागेत जानेवारीत चार इंडी बँडचा कार्यक्रम ठरतो आहे. साधारण २५० माणसे येतील. तीन बाजूंना सोसायट्या आहेत. साउंडवाला म्हणतो, दोन्ही बाजूंना १५ इंची टॉप (मुख्य स्पीकर) आणि १८ इंची दोन-दोन सबवूफर (खालच्या स्वरांचे स्पीकर) लावू. एवढे लागेल का? शेजाऱ्यांना त्रास होऊ नये अशीही इच्छा आहे. (पुणे)

उत्तर : हिशेब स्टेजपासून न करता कुंपणापासून सुरू करा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मानकापेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतला जो आकडा कमी असेल त्याच्या आत राहायला हवा. निवासी भागाचे दिवसाचे मानक ५५ आहे आणि इथे दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. म्हणजे तुमच्या कुंपणावर मर्यादा ६५ डेसिबल. ७५ नव्हे. बहुतेक मंडळी इथेच चुकतात.

आता मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. समजा स्पीकरपासून समोरचे कुंपण ४० मीटरवर आहे. तिथे ६५ हवेत, तर २० मीटरवर ७१, १० मीटरवर ७७ आणि ५ मीटरवर ८३ मिळतील. माणसे बागभर पांगून बसली आणि शेवटची रांग २८ मीटरवर गेली, तर तिथे उरतात जेमतेम ६८. जवळपास बसलेल्यांच्या गप्पाही तेवढ्याच मोठ्या असतात. मग मागचे बोलू लागतात, पुढून 'आवाज वाढवा'ची हाक येते, साउंडवाला मिक्सरवरची आवाजाची पट्टी वर सरकवतो आणि अर्ध्या तासात पोलिसांना फोन जातो.

म्हणून आवाज माणसांपर्यंत नेण्याऐवजी माणसांना आवाजाजवळ आणा. सतरंजीवर बसलेल्या माणसाला अर्धा ते पाऊण चौरस मीटर जागा लागते. १४ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल पट्ट्यात २५० जण मधल्या वाटेसकट मावतात. शेवटची रांग १४ मीटरवर आली की तिथे ७४ डेसिबल मिळतात. कुंपणावरचा आकडा तोच राहतो आणि मागच्या श्रोत्याला तब्बल ६ डेसिबल जास्त मिळतात. त्यासाठी एक रुपयाचे जास्तीचे सामान लागत नाही. दोरी किंवा झेंडूच्या माळा लावून हा पट्टा आधीच आखून ठेवा, नाहीतर लोक सवयीने झाडाखाली लांब जाऊन बसतात.

याहून चांगले करायचे असेल तर पुढच्या जोडीचा आवाज ३ डेसिबलने उतरवा आणि स्टेजपासून ८ मीटरवर लहान, ८ किंवा १० इंची स्पीकरची दुसरी जोडी लावा. अडीच मीटर उंचीच्या स्टँडवर, तोंड खाली श्रोत्यांकडे झुकवून. माणसांचे कपडे आणि अंग वरच्या पट्टीचा बराच आवाज शोषून घेतात, त्यामुळे झुकवलेल्या स्पीकरचा आवाज भिंतीपर्यंत कमी पोचतो. या जोडीला डिले द्यावाच लागतो, म्हणजे तिचा आवाज किंचित उशिरा सोडायचा. आवाज एका मीटरला सुमारे २.९ मिलिसेकंद घेतो, म्हणजे ८ मीटरला २३. त्यात १० मिळवून ३३ मिलिसेकंद ठेवा. मग मागे बसलेल्यालाही गाणे स्टेजवरूनच येते आहे असे वाटते. डिले विसरलात तर शब्द दुहेरी ऐकू येतात, आणि नव्या गाण्यात शब्द कळले नाहीत तर श्रोता हातचा गेलाच.

सबवूफर मात्र निम्मे करा. झाडे आणि झुडपे खालच्या स्वरांना अडवत नाहीत. शेजाऱ्यांच्या खिडक्या वाजतात त्या बासनेच. आणि नेहमीच्या 'ए' मोजणीत मीटर ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबलने कमी दाखवतो, त्यामुळे आकडा ठीक दिसतो पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची झोप मोडलेली असते. खालचे स्वर फारसे न वगळणाऱ्या 'सी' मोजणीवर मीटर लावूनही एकदा कुंपणाभोवती फिरा. दोनच सबवूफर घ्या, एकामागे एक, मध्ये एक मीटर अंतर. मागच्याची पोलॅरिटी (जोडणीची अधिक-उणे दिशा) उलटी करा आणि त्याला २.९ मिलिसेकंद डिले द्या. स्टेजमागे जाणारा बास त्याने बराच कापला जातो. त्यामुळे स्टेजची पाठ जवळच्या सोसायटीकडे आणि तोंड सर्वांत लांबच्या कुंपणाकडे ठेवायला जमते.

एक गोष्ट जवळजवळ कुणीच मोजत नाही. जोरात वाजवलेला ड्रमसेट मायक्रोफोनशिवायही एका मीटरवर १०० डेसिबलच्या पुढे जातो. १०० धरले तरी ४० मीटरवर ते ६८ भरतात. म्हणजे स्पीकर बंद असतानाही मर्यादा ओलांडली! निवासी भागातल्या बागेत काहोन (वर बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी), ब्रश, काड्यांच्या जुडीसारखे रॉड किंवा इलेक्ट्रॉनिक ड्रम, यांपैकी काहीतरी वापरायचे हे बँडला ठरवतानाच सांगा. आयत्या वेळी ड्रमरला 'हळू वाजव' म्हणणे त्याच्यावर अन्याय आहे. त्याने सराव तसा केलेला नसतो.

प्रश्न : परवानग्या कोणत्या आणि किती आधी? बँड स्वतःचीच गाणी गाणार असतील तरी संगीताचा परवाना लागतो का? (ठाणे)

उत्तर : सुरुवात महापालिकेच्या उद्यान विभागापासून करा, कारण पुढची सगळी कार्यालये जागेचे पत्र आधी मागतात. मग स्थानिक पोलीस ठाण्यात कार्यक्रमाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी. मांडव किंवा जनरेटर असेल तर अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला. ४५ दिवस हातात ठेवा. अर्जाला बागेचा हाताने काढलेला का होईना, पण मोजमापांसह नकाशा जोडा. स्टेज, स्पीकरची तोंडे, जनरेटर, बाहेर पडायच्या दोन वाटा, रुग्णवाहिकेची जागा. असा नकाशा पाहिला की समोरच्या अधिकाऱ्याचे निम्मे प्रश्न संपतात.

जवळ रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय असेल तर तो भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर आहे का, ते आधी पाहा. या क्षेत्राची कक्षा १०० मीटरपर्यंत असते. तसे असेल तर दुसरी बाग शोधा.

रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस प्रशासन ठरवते आणि त्यांतले बरेचसे गणेशोत्सव-नवरात्रात जातात. त्यावर विसंबू नका. १९५३ पासून चालत आलेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही आपल्या रात्रभराच्या बैठका या नियमापुढे सोडाव्या लागल्या.

गाण्यांच्या हक्कांचे दोन भाग आहेत. शब्द आणि चाल यांच्या सादरीकरणाचे हक्क आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था पाहते, ध्वनिमुद्रित गाणी वाजवण्याचे पीपीएल ही ध्वनिमुद्रण कंपन्यांची संस्था. बँडमधला गीतकार किंवा संगीतकार आयपीआरएसचा सभासद असेल तर सादरीकरणाचे हक्क त्याने संस्थेकडे सोपवलेले असतात. मग तो स्वतः गाणार असला तरी संस्थेला विचारणे आले. म्हणून प्रत्येक बँडकडून गाण्यांची यादी, प्रत्येक गाण्याचे गीतकार-संगीतकार आणि त्यांचे सभासदत्व लिहून घ्या. हा कागद फक्त परवान्यापुरता नाही. नव्या कलाकाराच्या गाण्याची रॉयल्टी त्याच्यापर्यंत पोचायची असेल तर कुठे काय गायले गेले याची नोंद असायलाच हवी. मधल्या वेळेत मोबाइलवरून गाणी लावायची टाळलीत तर पीपीएलचा प्रश्न उरत नाही. बागेत तेवढा वेळ शांतता बरी वाटते.

प्रश्न : गेल्या वर्षी बागेच्या दिव्यांच्या लाइनवरूनच वीज घेतली. सतत घुं घुं आवाज येत होता आणि मध्येच सगळे बंद पडले. (नाशिक)

उत्तर : बागेची दिव्यांची लाइन बहुधा टायमरवर असते आणि तिची तार एवढ्या भारासाठी घातलेली नसते. जनरेटर घ्या. मोजणी अशी: साउंडला सरासरी ३ किलोवॅट, १६ एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे) प्रत्येकी १८० वॅटचे म्हणजे सुमारे २.९, वाद्ये आणि अँप्लिफायर १, खाण्याचे दोन स्टॉल आणि वाटेवरचे दिवे १.५. बेरीज साडेआठच्या आत. १५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर १२ किलोवॅट देतो. तो सत्तर टक्के भारावर चालेल, तेच योग्य. फार मोठा घेऊन रिकामा चालवण्यात डिझेल आणि यंत्र दोन्ही वाया. धुराडे वाऱ्याची दिशा पाहून श्रोत्यांपासून लांब ठेवा.

साउंड आणि लाइट वेगवेगळ्या फेजवर ठेवा. ५० मीटर लांब वायर असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची नको. १६ अँपिअरला तिच्यात जवळजवळ १२ व्होल्ट पडतात, ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत साडेसात. प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) हवाच, कारण गवत ओले असते आणि गायक धातूच्या मायक्रोफोनला ओठ लावून उभा असतो.

घुं घुं आली की काही जण अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज थांबतोही. पण मग बिघाड झालेल्या अँप्लिफायरचा झटका गिटारच्या तारांतून माणसाला बसतो. हे कधीही करू देऊ नका. घरघर येते ती एकाच जोडणीला दोन वाटांनी अर्थ मिळाल्यामुळे. स्टेजवरचे सगळे प्लग आणि मिक्सर एकाच ठिकाणाहून वीज घेतील असे पाहा, कीबोर्ड आणि गिटार डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून) घ्या आणि त्यावरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबा. ते बटण फक्त आवाजाच्या तारेचा अर्थ तोडते, सुरक्षेचा नाही.

प्रश्न : चार बँड आणि १० ची मर्यादा. वेळ कशी बसवायची? (कोल्हापूर)

उत्तर : मागून मोजा. शेवटचा सूर ९.३० ला. तीन बँड ४० मिनिटांचे, शेवटचा ४५, तीन बदल १५-१५ मिनिटांचे: एकूण साडेतीन तास. त्यात १५ मिनिटांचा हात राखून ५.४५ ला सुरुवात. सगळ्यांनी एकच तालवाद्यांचा संच, तेच बास आणि गिटार अँप्लिफायर वापरायचे, फक्त आपापली गिटार आणि पेडल आणायची. साउंड चेक उलट्या क्रमाने घ्या, म्हणजे पहिला बँड सर्वांत शेवटी आणि त्याची मांडणी तशीच राहते. एरवी १५ मिनिटांचा बदल हमखास अर्ध्या तासावर जातो.

प्रश्न : हिरवळ आणि झाडे खराब होतील म्हणून उद्यान विभाग नाराज असतो. काय काळजी घ्यावी? थंडी-दवाचे काय? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आधी माळीकाकांना भेटा, मग मांडववाल्याला. हिरवळीचे पाणी तीन दिवस आधी बंद करायला सांगा. ओल्या मातीवर पाय पडले की ती दबून घट्ट होते आणि गवताची मुळे गुदमरतात. तुषार सिंचनाला टायमर असेल तर तो कार्यक्रमाच्या दिवशी बंद आहे ना, हे स्वतः पाहा. संध्याकाळी सहाला फवारे सुरू झाले तर मिक्सर गेलाच. टेम्पो गवतावर नको. जाणारच असेल तर चाकांखाली प्लायवूड. सतरंज्यांखाली प्लास्टिकची ताडपत्री अंथरू नका, दिवसभरात गवत खाली उबून पिवळे पडते.

झाडाला खिळा नाही, तार नाही. १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे झाडाला इजा करणे महागात पडते. माळा लावायच्या तर बांबू रोवा. आणि ज्या झाडावर बगळ्यांची किंवा वटवाघळांची वस्ती आहे, त्यावर दिव्याचा झोत मारू नका. ती झाडे कोणती, हे माळीकाकांना पाठ असते.

जानेवारीत सातनंतर दव पडू लागते. मिक्सरवर उघड्या बाजूंची छोटी छत्री हवी, आणि बँड बदलताना सुती कापडाने पुसणे. थंडीने गिटारच्या तारा आकसून सूर चढतो, तर ओलाव्याने तबल्याची पुडी सैल होऊन उतरतो. दोन्ही वाद्ये एकाच बँडमध्ये असतील तर ती अर्धा तास आधी उघडी करून स्टेजच्या कडेला ठेवा आणि सूर तिथेच लावा, गाडीत किंवा खोलीत नको.

पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे २० जार आणि स्टीलचे पेले पुरतात. पेले विसळायला मात्र दोन माणसे वेगळी नेमा.