प्रशिक्षणाने सैनिकाची भीती जाते का?

प्रश्न : सैनिकी प्रशिक्षणाच्या चित्रफितींत नव्या भरतीच्या तरुणांवर सतत ओरडणारे प्रशिक्षक, अपुरी झोप आणि क्षुल्लक चुकीसाठी होणाऱ्या शिक्षा दिसतात. यामुळे सैनिकाची भीती खरोखर जाते का? आणि प्रशिक्षण इतके कठोर असूनही अनेक सैनिक लढाईनंतर मनाने का खचतात?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे आणि जाणत्या प्रशिक्षकांची तशी अपेक्षाही नसते. जिवाला धोका आहे हे जाणवताच शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके वाढतात, छाती धडधडू लागते, नजर समोरच्या धोक्यावर खिळते आणि बाजूचे दिसेनासे होते, बोटांची नाजूक हालचाल बिघडते. काहींना तर शेजारच्या बंदुकीचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही. हे सारे आज्ञा देऊन थांबवता येत नाही. ते होत असतानाही हातून योग्य कृती घडावी, एवढी तजवीज प्रशिक्षण करू शकते.

त्यातला पहिला उपाय पाहणाऱ्याला कंटाळवाणा वाटेल, तो म्हणजे सराव. गोळी झाडताना रायफल अडकली तर काय करायचे हे कोणीही थोड्या वेळात शिकतो. पण तीच कृती अंधारात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, धाप लागलेली असताना करता यावी यासाठी ती येऊ लागल्यानंतरही पुन्हा पुन्हा करून घेतली जाते. घाबरलेल्या माणसाची सारासार विचार करण्याची क्षमता लवकर मंदावते, अंगवळणी पडलेली कृती मात्र बराच काळ टिकते. शिवाय हात आपले काम आपोआप करू लागले की उरलेले लक्ष परिस्थितीचा अंदाज घेण्याकडे देता येते. मात्र चुकीची सवयही तितकीच पक्की होते, हे विसरून चालत नाही. समोर येणाऱ्या प्रत्येक आकृतीवर गोळी झाडण्याचा सराव झालेला सैनिक निःशस्त्र माणसावरही गोळी झाडेल. म्हणून चांगल्या सरावात ज्यांच्यावर गोळी झाडायची नाही अशा आकृत्याही मुद्दाम मिसळलेल्या असतात.

दुसरा उपाय म्हणजे ताणाची मात्रा पायरीपायरीने वाढवत नेणे. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड माइकेनबाउम यांनी १९७०च्या दशकात या विचाराला पद्धतशीर रूप दिले : आधी ताणात शरीर आणि मन कसे वागते हे समजावून द्यायचे, मग श्वासावर नियंत्रण ठेवणे, मनाशी धीराचे बोलणे यांसारखी कौशल्ये शिकवायची, आणि शेवटी वाढत्या ताणाखाली त्यांचा सराव घ्यायचा. डोक्यावरून खऱ्या गोळ्या जात असताना सरपटत पुढे जाण्याचा सराव याच जातीचा, आणि तो या सिद्धांताच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे.

हा क्रम मोडला की काय होते, याचे उदाहरण दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्करात सापडते. सैनिकांना रक्तपाताची सवय व्हावी आणि शत्रूचा द्वेष वाटावा म्हणून तिथल्या काही युद्धशाळांत कत्तलखान्यातून आणलेले रक्त वापरले गेले. परिणाम उलटा झाल्याचे दिसल्यावर १९४२मध्ये तो प्रकार बंद करण्यात आला. किळस आली, पण त्यातून कोणतेही कौशल्य आले नाही. आपण उल्लेखिलेल्या आरडाओरड्यालाही मी हाच निकष लावीन. गोंगाटात आणि थकव्यात नेमके काम चोख करायला लावणारी कठोरता उपयोगाची आहे. निव्वळ अपमानातून सैनिक फारतर प्रशिक्षकाला चुकवायला शिकतो.

माझ्या मते सर्वांत मोठी सुधारणा झाली ती लढाईचा पहिला अनुभव सरावातच देण्याच्या प्रयत्नांतून. वैमानिकाच्या पहिल्या दहा लढाऊ मोहिमा सर्वांत धोक्याच्या असतात आणि त्यातून तो वाचला की पुढे टिकण्याची शक्यता बरीच वाढते, असा निष्कर्ष व्हिएतनाम युद्धाच्या अनुभवातून अमेरिकी हवाई दलाने काढला. त्या दहा मोहिमा सरावातच घडाव्यात म्हणून १९७५मध्ये नेवाडातील नेलिस तळावर ‘रेड फ्लॅग’ हा सराव सुरू झाला. पायदळ आणि रणगाडा दलांसाठी कॅलिफोर्नियातील फोर्ट अर्विन येथे, लेझरच्या साहाय्याने कोण ‘मारला गेला’ हे ठरवणारे केंद्र १९८०च्या दशकात उभे राहिले. तिथे शत्रूची भूमिका करणारी पलटण इतकी तरबेज असे की आलेल्या तुकड्या अनेकदा हरत. पण खरे शिक्षण त्यानंतरच्या चर्चेत होते. काय ठरले होते, काय घडले आणि का घडले, हे तिथे वरिष्ठांच्या चुकांसह उघडपणे बोलले जाते. श्रेणीबद्ध संघटनेला ही गोष्ट सोपी नाही.

सोबतीच्या माणसांचा आधार हा तिसरा घटक. समाजशास्त्रज्ञ शिल्स आणि जॅनोविट्झ यांनी १९४८मध्ये दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्याविषयी मांडले की, सैनिकाला लढत ठेवण्यात विचारप्रणालीपेक्षा त्याच्या छोट्या तुकडीतील जिव्हाळ्याचा वाटा मोठा होता. एकत्र सोसलेल्या कष्टांचा हाही एक उपयोग आहे.

आता आपला दुसरा प्रश्न. प्रशिक्षणामुळे पहिला धक्का सौम्य होतो. आठवडेच्या आठवडे चालणारी झीज त्याने थांबत नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधील नॉर्मंडीत लढलेल्या अमेरिकी सैनिकांच्या पाहणीत, सलग लढाईत काही आठवड्यांनंतर अनुभवी सैनिकांचीही कार्यक्षमता ढासळत जाते असे आढळले होते. मित्राचा मृत्यू किंवा आपल्या हातून गेलेला जीव यांचे ओझे तर कोणत्याही सरावात आधी उतरवून ठेवता येत नाही. अमेरिकी लष्कराने २००९मध्ये मनोबल वाढवण्याचा व्यापक कार्यक्रम सुरू केला, पण त्याच्या परिणामकारकतेचे पुरावे अपुरे असल्याची टीका अनेक मानसशास्त्रज्ञांनी केली, आणि ती मला रास्त वाटते. म्हणून तुकड्यांना पाळीपाळीने मागे आणणे, झोपेचे वेळापत्रक पाळणे आणि खचलेल्या सैनिकाला आघाडीच्या जवळच, लगेच आणि तो बरा होईल या विश्वासाने उपचार देणे आवश्यक ठरते. उपचारांची ही पद्धत पहिल्या महायुद्धात रुजली. तिची आणि विश्रांतीच्या नियोजनाची जबाबदारी अधिकाऱ्यांवर असते, आणि ती पार पाडणे हा त्यांच्या प्रशिक्षणाचा भाग असायला हवा.