कॅलिफोर्नियातल्या स्टेट पार्कमध्ये कुत्र्याला घेऊन कॅम्पिंगला गेलो तर रात्री त्याला तंबूबाहेर बांधलं तर चालतं का?

तुम्ही कॅलिफोर्नियाबद्दल विचारताय, म्हणून सांगतो: नाही चालत. रात्री कुत्रा तंबूत नाहीतर गाडीत, दिवसा जास्तीत जास्त ६ फुटी पट्ट्याला. पण 'बाहेर बांधलं तर' वाचलं आणि आमचे अप्पा डोळ्यांसमोर उभे राहिले.

अप्पा तासगावहून आले होते. हम्बोल्ट रेडवुड्स या उंच रेडवुड झाडांच्या स्टेट पार्कमध्ये दोन रात्रींचं बुकिंग मिळालं होतं, तेही सहा महिने आधी सकाळी ८ ला लॅपटॉपपुढे बसून. झोपताना नियम सांगितला तर म्हणाले, "कुत्रं आत, मग राखण तू करनार व्हय?" आमचा लॅब्रॅडॉर नुसता नावाला वाघ्या, काळीज सशाचं. तरी त्याला आत घेतला, तंबूची चेन ओढली, झोपलो.

मध्यरात्री अप्पा लघवीला उठले आणि जाताना वाघ्याला बाहेर टेबलाच्या पायाला बांधून आले.

थोड्या वेळानं वाघ्या दोनदा भुंकला आणि मग नुसता शिंकायलाच लागला. टॉर्च मारली तर पाठीवर पांढरे पट्टे असलेला स्कंक (घाण वासाचा फवारा मारणारा मांजराएवढा प्राणी) शेपटी वर करून निवांत झुडपात चाललेला. अप्पा म्हणाले, "मांजर हाय." तो वास नाकात नाही, घशात बसतो. शेजारच्या तंबूतले लोक उठून गाडीत जाऊन झोपले.

सकाळी कुणीतरी टोमॅटोचा रस लावायला सांगितलं. लावला. वाघ्याला स्कंक घातलेल्या पावभाजीचा वास यायला लागला, बाकी काही नाही. खरा उपाय घरी आल्यावर कळला: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एक लिटर, खायचा सोडा पाव कप, भांडी घासायचा लिक्विड साबण चमचाभर. त्या वासातली गंधकाची संयुगं पेरॉक्साइडनं बदलतात, टोमॅटोनं फक्त झाकली जातात. डोळ्यांत जाऊ देऊ नका. ताजंच कालवा, उरलेलं बाटलीत बंद करून ठेवलंत तर बाटली फुटेल.

पाच तास काचा खाली करून घरी आलो. अप्पा पुढच्या सीटवर, नाकाला टॉवेल. म्हणे, "बरं झालं बाहेर बांधलं, न्हाईतर तंबू वासला असता." अहो, आत असता तर तो स्कंकच्या वाटेला गेलाच कशाला असता? तासगावात मात्र अजून त्यांचीच बाजू चालते.

हो, एक राहिलं. रेडवुडच्या पार्कांत कुत्र्याला बहुतेक ट्रेलवर नेता येत नाही. कॅम्पग्राउंड आणि गाड्यांचे रस्ते, बस. आम्ही दोघं आळीपाळीनं झाडं बघून आलो. प्रत्येक पार्कचे नियम वेगळे असतात, बुकिंगआधी बघा. पॉयझन ओक या खाज आणणाऱ्या झुडपातून कुत्रा फिरून आला तर त्याला सहसा काही होत नाही, पण त्याच्या अंगाला लागलेलं झुडपाचं तेल तुमच्या हाताला लागतं आणि मग आठवडाभर खाजवत बसता.

हे उत्तर ताईला पाठवतोय. तिनं अप्पांना वाचून दाखवावं, चौथा परिच्छेद दोनदा.