वाचकांचे प्रश्न : खूण नसलेले जुने रिझर्व्ह पॅराशूट

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सान होजे येथे राहतो. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या निधनानंतर त्यांच्या घरातील सामानाची विक्री झाली, तेव्हा मी एक जुने पॅराशूट घेतले. हिरवट रंगाच्या जाड कापडाची, उशीएवढी पिशवी आहे; पाठीमागे दोन भक्कम हूक आणि पुढच्या बाजूला ओढायची मूठ आहे. कंपनीचे नाव, वर्ष किंवा क्रमांक कोठेही नाही; लेबल असावे त्या जागी शिवणीची भोके तेवढी दिसतात. घरच्या मंडळींच्या सांगण्यानुसार हे दुसऱ्या महायुद्धातील रेशमी पॅराशूट आहे. माझा भाचा नुकताच स्कायडायव्हिंग शिकू लागला असून त्याला ते वापरण्याची फार हौस आहे. ही वस्तू नेमकी कोणती, कधीची, आणि ती वापरता येईल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात एका तरुण मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे. हे पॅराशूट भाच्याला वापरू देऊ नका. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांनुसार उडी मारणाऱ्याचे मुख्य पॅराशूट कोणतेही असू शकते. रिझर्व्ह, म्हणजे मुख्य पॅराशूट न उघडल्यास वापरायचे राखीव पॅराशूट, मात्र मान्यताप्राप्तच असावे लागते आणि त्याची घडी परवानाधारक रिगरनेच, म्हणजे पॅराशूटची घडी व दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञानेच, घातलेली असावी लागते. आपल्या वर्णनावरून ही पिशवी छातीवर अडकवायचे असेच रिझर्व्ह दिसते. मान्यताप्राप्त म्हणजे एक तर ‘टीएसओ-सी२३’ या मानकाची खूण असलेले, नाही तर लष्करी नमुना क्रमांकावरून ओळख पटणारे. खूणच नसेल तर कोणताही जबाबदार रिगर त्यावर सही करणार नाही, आणि करू नये.

आता ओळखीकडे वळू. हौशी स्कायडायव्हिंगमध्ये छातीवर अडकवायचे, हूक असलेले रिझर्व्ह हे प्रामुख्याने १९५० ते १९७० च्या दशकांतले. त्या काळी हौशी उडीबहाद्दर लष्कराने विक्रीस काढलेले साहित्यच बहुधा वापरत, आणि पुढे मुख्य व रिझर्व्ह अशी दोन्ही पॅराशूट पाठीवरच एकाखाली एक बांधण्याची पद्धत रुळली, तेव्हा छातीवरची पिशवी मागे पडली. त्यामुळे आपल्या हाती अमेरिकी लष्कराचे ‘टी-७ए’ जातीचे रिझर्व्ह असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. परंतु केवळ पिशवी पाहून तसे ठामपणे म्हणता येत नाही. एका पिशवीत दुसरीचीच कॅनॉपी (पॅराशूटचे उघडणारे छत्रीसारखे कापड) भरून वापरणे त्या काळी सर्रास चालत असे, म्हणून पिशवी आणि आतील कॅनॉपी यांची ओळख स्वतंत्रपणेच पटवावी लागते.

पिशवी घरात उघडू नका. काही रिझर्व्हमध्ये दाबून बसवलेली स्प्रिंग असते आणि मूठ ओढताच ती जोराने बाहेर उसळते. आपोआप उघडणारे जुने यंत्र जोडलेले असेल तर त्यात स्फोटक काडतूसही असू शकते. जवळच्या ड्रॉप झोनवरील (स्कायडायव्हिंगच्या मैदानावरील) रिगरकडे ती घेऊन जा आणि त्याच्यासमोरच उघडा. तत्पूर्वी एका बारीक गोष्टीचे छायाचित्र अवश्य काढा. रिपकॉर्डच्या (मूठ ओढल्यावर पिशवी उघडणाऱ्या तारेच्या) खिळीवरून गेलेला एक बारीक दोरा आणि त्याच्या टोकाला चेपलेला शिशाचा मणी दिसतो का, ते भिंगाने पाहा. त्या मण्यावर रिगरची स्वतःची, त्याला सरकारने नेमून दिलेली खूण उमटवलेली असते. पिशवीच्या एखाद्या खिशात घडी घातल्याच्या तारखा, रिगरची सही आणि परवाना क्रमांक असलेले कार्ड सापडले, तर लेबलवाचूनही अर्धे काम झाले असे समजा.

पिशवी रिगरसमोर उघडली की रेशमाचा दावा पाच मिनिटांत तपासता येतो. कॅनॉपीच्या कापडातून सुटलेला धागा (शिवणीचा दोरा नव्हे) चिमट्यात धरून जाळा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि त्याची राख चुरगळते. नायलॉन आक्रसते, वितळते आणि त्याचा टणक मणी होतो. जपानकडून येणारे रेशीम १९४१ मध्ये थांबले आणि अमेरिकेत पॅराशूटसाठी नायलॉन आले. ६ जून १९४२ रोजी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे ॲडलाइन ग्रे या तरुणीने नायलॉनच्या पॅराशूटने पहिली उडी मारून दाखवली. तेव्हा आपल्याकडचा धागा वितळला, तर घरच्या मंडळींनी जपलेली आठवण खोटी आहे असे नव्हे, कारण युद्धाच्या उत्तरार्धातील नायलॉनची शक्यता उरतेच. रेशीम मात्र निश्चितपणे बाद होते.

खरी ओळख पटते ती मापांतून. एखाद्या मोठ्या सभागृहाच्या स्वच्छ फरशीवर कॅनॉपी पसरा आणि तिच्या कळ्या, म्हणजे माथ्यापासून काठापर्यंत जोडलेल्या त्रिकोणी पट्ट्या, मोजा. टी-७ए सपाट वर्तुळाकार असून तिचा व्यास २४ फूट आणि कळ्याही २४ असतात. वैमानिकांच्या सी-९ जातीला २८ कळ्या व २८ फूट व्यास असतो आणि तिच्यावर बहुधा नारिंगी, पांढरा, मातकट व हिरवा असे चार रंग दिसतात. गंमत अशी की दोन्हींत एका कळीची घेराजवळची (खालच्या काठाजवळची) रुंदी सुमारे ३.१४ फूटच भरते. म्हणून रुंदीवर विसंबू नये, कळ्या मोजाव्यात. पुढे त्या रुंदीला कळ्यांच्या संख्येने गुणून ३.१४ ने भागा, आणि येणारा आकडा माथ्यावरून एका काठापासून समोरच्या काठापर्यंत घेतलेल्या मापाशी ताडून पाहा. दोन्ही आकडे जुळले तर कॅनॉपी सपाट. पहिला आकडा लक्षणीय कमी आला तर ती शंकूच्या आकाराची; तशी कॅनॉपी अमेरिकी नौदलाच्या शिल्लक मालातली असू शकते किंवा एखाद्या खाजगी कंपनीने खास खेळासाठी बनवलेली.

लेबल गेले तरी पुसट शाई मागे उरते. घेराच्या काठाजवळ, विशेषतः पहिल्या आणि शेवटच्या कळीवर, तिरप्या प्रकाशात पाहा. ‘१६७०’ ने सुरू होणारा क्रमांक आढळला तर तो अमेरिकी लष्कराच्या पॅराशूट-वर्गाचा साठा क्रमांक होय. तो ११ अंकी असेल तर १९७४ पूर्वीच्या पद्धतीचा, १३ अंकी असेल तर नंतरचा. ‘डीएसए १००’ अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या कंत्राट क्रमांकात पुढचे दोन आकडे आर्थिक वर्ष सांगतात. हुकांवर ठोकलेली अक्षरेही पाहा : ‘एएन’ हे जुने लष्कर-नौदल मानक, ‘एमएस’ हे बहुतांशी १९५० नंतरचे. मात्र हूक एका पॅकवरून काढून दुसऱ्यावर शिवले जात, त्यामुळे एवढ्या एका पुराव्यावर काळ ठरवू नये.

कॅनॉपीत जाळीदार खिडक्या निघाल्या तर रिगरला ते आवर्जून सांगा. १९८० च्या दशकाच्या मध्यात असे आढळले की काही गोल रिझर्व्हच्या जाळीतील आम्लामुळे तिला लागून असलेले नायलॉन कमकुवत होते, आणि डोळ्यांना ते नवेकोरे दिसत राहते. त्यासाठी ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हे द्रावण लावून रंग पाहतात, पिवळा रंग आल्यास आम्ल आहे असे समजतात, आणि कापड चिमट्यांत धरून ठरावीक ताण देतात. माझे मत विचाराल तर पन्नास वर्षे माळ्यावर पडलेल्या कापडाने ही परीक्षा दिली तरीही ते आकाशात नेऊ नये.

तोवर कॅनॉपी धुऊ नका आणि उन्हात वाळत घालू नका, कारण सूर्यप्रकाशाने नायलॉन झपाट्याने खराब होते. कळ्यांची संख्या, दोन्ही मापे आणि हुकांवरची अक्षरे आम्हास कळवावीत. त्यावरून जातीचे नाव ठरवता आले तर पुढील अंकात देऊ.