कॉलेजच्या हमीपत्रावर सही केली म्हणजे मुलाचा बोलण्याचा हक्क गेला का?

तुमच्या मुलाने खारघरच्या कॉलेजात प्रवेश घेताना ‘समाजमाध्यमांवर राजकीय वा धार्मिक मजकूर टाकणार नाही’ अशा हमीपत्रावर सही केली आणि आता त्याने तोंड उघडायचंच नाही का, असं तुम्ही विचारलंय. हक्क गेलेला नाही. मूलभूत हक्क सहीने सोडून देता येत नाहीत.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मुंबईचंच आहे. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात महापालिकेचं म्हणणं होतं की, फुटपाथवर झोपडी बांधायचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, असं या लोकांनी उच्च न्यायालयात आधीच कबूल केलंय, मग आता हक्काची भाषा कशाला? १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे मान्य केलं नाही. झोपड्या वाचल्या नाहीत. पण अशा कबुलीमुळे घटनेने दिलेला हक्क मागायची वाट बंद होत नाही, हे तिथे पक्कं झालं.

कॉलेज खासगी असेल तर ‘आम्ही काही सरकार नाही’ असं ते म्हणतील. त्यात थोडं तथ्य आहे. तरी विद्यापीठाशी संलग्न कॉलेज सार्वजनिक काम करतं आणि घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी कॉलेजने १९ वर्षांच्या मुलीला ऑपरेशन सिंदूरबद्दलच्या पोस्टवरून काढून टाकलं. पोस्ट तिने काढली होती, माफीही मागितली होती, तरी अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू दिलं.

मी हे इतक्या पोटतिडकीने का लिहितेय, तेही सांगते. ठाण्यातल्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत होते आणि भित्तिपत्रक माझ्याकडे होतं. एका मुलाने लिहिलं की, मंडप असो की मशीद, परीक्षेच्या दिवसांत कर्णे बंद ठेवा. दोन्हीकडची माणसं प्राचार्यांकडे आली, आणि मला निरोप आला, ‘मॅडम, तेवढं काढून घ्या.’ मी काढलं. टाचण्या घट्ट बसल्या होत्या. कागद ओढला तर चारही कोपरे बोर्डावरच राहिले. तो मुलगा जिन्यात उभा राहून बघत होता, एक शब्द बोलला नाही. पुढच्या अंकाला त्याने काही दिलं नाही, आणि हळूहळू बाकीच्यांनीही देणं थांबवलं. त्यानंतर दोन वर्षं त्या बोर्डावर फक्त वेळापत्रकं लागली. नियम हातात घेऊन मुलांना गप्प करणं किती सोपं असतं, हे मी स्वतःच्या हाताने केलंय.

‘धार्मिक’ या शब्दाची मला जास्त काळजी वाटते. अय्यप्पाच्या ४१ दिवसांच्या व्रतात काळ्या कपड्यांत, दाढी वाढवून येणारा मुलगा आणि हिजाब घालून येणारी मुलगी, माझ्या वर्गात दोघंही होती, शिकवण्यात कधी अडचण आली नाही. कपड्यांच्या प्रश्नावर कायदा अजून स्थिर नाही. चेंबूरच्या एका कॉलेजने काढलेली हिजाब, टोपी, बॅजवरची बंदी जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उचलून धरली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला अंशतः स्थगिती दिली. पण स्वतःच्या खात्यावर आषाढीचा किंवा ईदचा फोटो टाकणं ही कपड्यांचीही बाब नाही. ते कॉलेजने अडवावं कशासाठी?

मुलाला मर्यादाही सांगा. बोलण्यावर बंधन घालायला घटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी अशी मोजकी कारणं आहेत. एखाद्या समाजाविरुद्ध भडकवणारं लिहिलं तर कुणी वाचवणार नाही. ‘कॉलेजची प्रतिमा’ मात्र त्या यादीत नाही.

आता करायचं काय? आधी हमीपत्राची प्रत मागा. मग ही अट विद्यापीठाच्या कुठल्या नियमाखाली घातली, असं साध्या अर्जात विचारा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिच्या वर विद्यापीठाचा लोकपाल. त्याच क्रमाने जा. अर्ज मुलाच्याच हातून लिहून घ्या, तुम्ही फक्त सोबत जा. आणि उत्तर येईपर्यंत त्याने लिहिणं थांबवू नये, एवढं मात्र नक्की बघा.