आठवण पक्की आहे, मग अण्णांचं कामच का बिघडायलंय?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, आम्ही परभणी जिल्ह्यातले, सेलूकडचे. आमचे अण्णा ७४ वर्षांचे, चौथी शिकलेले, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू. १९७२ च्या दुष्काळात कोणत्या विहिरीला किती पाणी होतं ते बी सांगतेत. पण सोयाबीन मोंढ्यावर न्यायचं तर पोते भरून बसतेत अन् टेम्पो सांगायचाच राहतो, कोणी बोललं की चिडतेत. मागं तारीख-वार विचारायची टेस्ट झाली, ३० पैकी २६ आले, नॉर्मल म्हणले. आता दुसऱ्या डॉक्टरनं घड्याळ काढायला लावलं, टेबलावर टकटक करायला लावली. अण्णांना लई अपमान वाटला. हे कशासाठी?

उत्तर: दादा, डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं. ती आधीची टेस्ट १९७५ पासून सगळीकडे चालते, पण ती जास्त करून आठवण, भाषा अन् तारीख-ठिकाणाचं भान बघते. काम आखणं, कशानंतर काय ते ठरवणं, ऐनवेळी बदल झाला तर सांभाळून घेणं, राग आवरणं हे एक्झिक्युटिव्ह फंक्शन, त्यात मेंदूच्या कपाळामागच्या भागाचा मोठा वाटा, आणि ते त्या टेस्टमधे फार कमी तपासलं जातं. बीपी-शुगरनं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या तर बऱ्याचदा आधी हेच ढासळतं, आठवण मागून.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणतात. मिनिटाचा काटा दोनवर यायला पाहिजे, पण 'दहा' ऐकलं की हात १० च्या आकड्याकडेच ओढला जातो, ती ओढ आवरता येते का ते बघायचं असतं. टकटकीचंही तेच, मी एकदा वाजवलं तर तुम्ही एकदा, मी दोनदा वाजवलं तर तुम्ही गप्प बसायचं. मूठ, हाताची कड, तळवा असं ओळीनं टेकवायलाही लावतात.

आता शिक्षणाचं. आकडा-अक्षर-आकडा रेघेनं जोडायची टेस्ट चौथी शिकलेल्या माणसाला नुसती सवय नाही म्हणूनही जड जाते, घड्याळाचंही थोडं तसंच, म्हणून मार्क कमी आले की लगेच डिमेन्शिया (आठवण-समज ढासळत जाण्याचा आजार) म्हणायचं नाही. एका मिनिटात जनावरांची नावं सांगा, हे त्यातल्या त्यात बरं. कान, चष्मा आधी बघून घ्या, ऐकूच आलं नाही तर उत्तर कुठून येणार! टेस्ट चालू असताना घरच्यांनी मधे बोलायचं नाही, आणि कृपा करून घरी घड्याळाची प्रॅक्टिस घेऊ नका, मग खरं काय ते कळतच नाही.

बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉईड, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या यांनीही असं होतं आणि त्यातलं बरंच सुधारतं, ते तपासायला सांगा. आणि टेम्पोचं जे मला लिहिलं ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, कधीपासून, आधी कसे करायचे ते पण, मला तर ते मार्कांइतकंच महत्त्वाचं वाटतं. अण्णांना म्हणा, ही शाळेची परीक्षा नाही, बीपी मोजतो तसंच आहे. तोवर मोंढ्याची पट्टी आणि बँकेचे कागद त्यांच्या शेजारी बसून बघत जा, कारभार त्यांच्या हातातून एकदम काढून घेऊ नका.