जुनी रोडबाईक घेतली आहे, सिंहगड चढायचा आहे. आधी काय तपासू?

सायकल दहा वर्षं जुनी, अ‍ॅल्युमिनियमची, पुढे ५२ आणि ३९ दातांची दोन चक्रं (चेनरिंग), मागे शिमानोची ९ गिअरची ११-२५ कॅसेट (११ ते २५ दातांच्या चक्रांचा संच) आणि तुमचं वजन ७० किलो, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून एक नक्की सांगता येतं: आहे त्या गिअरवर सिंहगडाला जाऊ नका.

हिशेब करून बघा. सगळ्यात हलका गिअर ३९ भागिले २५ म्हणजे १.५६. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.३ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे धरले तर वेग ताशी पावणेबारा किलोमीटर. सायकलसकट ८० किलो वजन ८ टक्के चढावर या वेगानं न्यायला सुमारे २२० वॅट लागतात. नवख्याला ते तासभर झेपत नाहीत. मग फेरे चाळीसवर येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर पडतो. गोळेवाडी नाक्यापासून गाडीतळापर्यंत जवळपास ९ किलोमीटर घाट आहे, चढाई सहाशे मीटरच्या आसपास, आणि काही तुकडे १० टक्क्यांच्याही वर. शिवाय शहरातून नाक्यापर्यंत पोचण्यात पाय थोडे वापरले गेलेले असतातच.

दुकानदार बहुतेक ३४ दातांची चेनरिंग सुचवेल. आधी क्रँक (पायडलचा दांडा, ज्यावर चेनरिंग बसते) बघा. पाच बोल्टांच्या क्रँकवर बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १३० मिमी असेल (५२-३९ ला बहुधा तोच असतो) तर ३८ दातांहून लहान चेनरिंग बसतच नाही, अख्खा क्रँक बदलावा लागतो. त्यापेक्षा मागे ११-३२ कॅसेट टाका. ३९-३२ म्हणजे जवळजवळ ३४-२८ इतकाच हलका गिअर; त्याच चढावर, तेवढ्याच फेऱ्यांना २२० ऐवजी १७५ वॅटच्या आत काम भागतं. रोडबाईकचा आखूड पिंजऱ्याचा डिरेलर (मागे चेन चक्रांवर सरकवणारा भाग; पिंजरा म्हणजे त्याची खाली लोंबणारी पट्टी) ३२ दात घेईलच असं नाही. पण तुमच्या ९ गिअरच्या शिफ्टरवर (गिअर बदलण्याच्या खटक्यावर) शिमानोचाच ९ गिअरचा, लांब पिंजऱ्याचा माउंटन बाईकचा डिरेलर व्यवस्थित चालतो.

कॅसेट बदलली की चेनही नवीच घ्या. जुन्या झिजलेल्या चेनचे दुवे नव्या दातांवर नीट बसत नाहीत, आणि उभं राहून जोर लावताना चेन सटकली तर माणूस थेट नळीवर आपटतो. लांबी ठरवताना चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रांवरून फिरवा, दोन्ही टोकं जुळतील तिथून एक इंच जास्त ठेवा. जुनी चेन आखूड पडली आणि चुकून मोठं-मोठं गिअर पडलं, तर डिरेलर मोडतो.

यानंतरची तपासणी बहुतेक जण विसरतात. सपाटीवर मागचं सगळ्यात मोठं चक्र क्वचितच लागतं, त्यामुळे तिथला बिघाड घाटातच कळतो. सायकल स्टँडवर घ्या, चेन त्या चक्रावर आणा आणि पायडल हळू फिरवत डिरेलर हातानं आऱ्यांकडे ढकला. चेन चक्राच्या पलीकडे जाऊ पाहत असेल तर डिरेलरवरचा ‘एल’ स्क्रू (चेन आत किती जाऊ द्यायची ते ठरवणारा) घड्याळाच्या दिशेनं पाव-पाव फेरा आवळा. मागून बघताना डिरेलरचा पिंजरा आत झुकलेला दिसला तर हँगर (डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो फ्रेमचा तुकडा) वाकलाय. तो दुकानात गेजवर सरळ करून घ्या. जुनी सायकल उजव्या अंगावर एकदा तरी पडलेली असते असं धरूनच चाला.

आता ब्रेक. माझ्या मते चढण्याइतकीच काळजी उतरण्याची हवी. दहा वर्षांचं ब्रेकचं रबर दगडासारखं कडक होतं, जाडी शिल्लक दिसली तरी बदला. रिमच्या कडेवर पट्टी उभी धरा. मध्ये खोलगट फट दिसली तर रिम संपलीय. केबल मुठीजवळ, डोक्यापाशी तुटायला लागते, तिथे एक जरी तार सुटलेली असेल तर नवी टाका. आणि पुढचा ब्रेक कोणत्या मुठीत आहे ते बघून ठेवा. परदेशातून आलेल्या सायकलींवर तो अनेकदा डावीकडे असतो. मोटरसायकलची सवय असलेला हात ऐन वेळी चुकतो.

टायरच्या बगलेला चिरा असतील तर दोन्ही बदला. २५ मिमी टायरमध्ये मागे ८५, पुढे ७५ पीएसआय पुरे. वाटेतल्या पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड प्रेस्टा व्हॉल्व्हला (रोडबाईकच्या ट्यूबच्या बारीक व्हॉल्व्हला) लागत नाही, म्हणून पितळी अ‍ॅडॅप्टर, दोन ट्यूब आणि छोटा पंप जवळच हवा. पाणी दोन बाटल्या.

आधी कात्रजचा जुना घाट दोन-तीनदा करा, तो सौम्य आहे आणि गिअर नीट पडतात का ते तिथे कळतं. सिंहगडाला आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजाडता निघा. शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगेत थांबून पुन्हा चढावर सायकल सुरू करणं नवख्याला फार जड जातं. पावसाळ्यात दरड पडते, तेव्हा नकोच.

उतरताना हात हँडलच्या खालच्या वाकात ठेवा. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग मारा, वळणात सोडा. ब्रेक सतत घासत ठेवला तर रिम तापतच राहते. अर्ध्यावर एकदा थांबा, रिमजवळ बोट नेऊन बघा. धग लागली तर पाच मिनिटं बसा.