आईला ‘जपून चाल’ म्हणणं आधी थांबवा

तुम्ही लिहिलंय की आई ६६ वर्षांच्या, चार महिन्यांपूर्वी मोरीत पाय घसरला, हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून भिंत धरून चालतात. रस्ता ओलांडताना तुमचा दंड सोडत नाहीत. सगळे फोटो आणि रिपोर्ट ‘वयाच्या मानाने ठीक’. आता कुणीतरी फेल्डेनक्राइसचे, म्हणजे सावकाश हालचालींतून अंगाची जाण शिकवणारे, वर्ग सुचवलेत, तर हा काय प्रकार आहे आणि त्याने तोल सुधारतो का, असा प्रश्न. ‘वळायचं असलं की आधी थांबते आणि मग अख्खीच्या अख्खी वळते, कपाट फिरवावं तशी,’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि माझा चहा तसाच राहिला. ते कपाट मी होते. दीड वर्ष.

मी साताऱ्याची. २९ वर्षं शाळेत पी.टी.च्या बाई. छाती पुढे, पोट आत, हनुवटी वर, हे मी किती हजार पोरींना ओरडून सांगितलं असेल त्याचा हिशोब नाही. सकाळी अजिंक्यतारा चढून यायचं आणि मग शाळा. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एका पहाटे अंथरुणात कूस बदलली आणि छत गरगर फिरलं. अर्धा मिनिट, मग थांबलं. उठायला गेले, पुन्हा फिरलं.

ज्या दवाखान्यात गेले त्याचं नाव लिहिणार नाही. खाजगी निरोप पाठवूनही विचारू नका. तिथे मानेचा एक्स-रे काढला. पन्नाशीपुढच्या बहुतेकांच्या मानेत काही ना काही झीज दिसतेच. निदान तयार: मणक्याची झीज, त्यामुळे चक्कर. मानेला पट्टा, चक्करेच्या गोळ्या, आणि वर हुकूम: मान हलवायची नाही, वर बघायचं नाही, खाली वाकायचं नाही, जपून राहायचं. दर महिन्याला या.

दर महिन्याला गेले. चौदा महिने. या चौदा महिन्यांत तिथे एकदाही कुणी म्हटलं नाही, की बाई, जरा चालून दाखवा. खुर्चीतून उठून दाखवा म्हटलं नाही. चक्कर नेमकी केव्हा येते, कुशीवर वळताना की उभं राहताना, हेही विचारलं नाही. केसपेपरावर ‘पूर्वीचेच चालू ठेवा’ असं लिहायचं आणि पुढचा पेशंट आत. आणि मी? जन्मभर शिस्त शिकवलेली बाई. सांगितलं ते शंभर टक्के पाळलं. डोक्यावर भरलेली कळशी असल्यासारखं डोकं धरून वावरायला लागले. पाय फाकवून टाकायचे, नजर जमिनीवर, श्वास अडकवून. घरातलं प्रत्येक माणूस उठताबसता ‘जपून गं’. नातवालासुद्धा ते पाठ झालं होतं. त्या काळात दोनदा पडले, पैकी एकदा तर पट्ट्यामुळेच. हनुवटीखाली पट्टा असला की स्वतःची पावलं दिसत नाहीत, स्वयंपाकघराचा उंबरठा दिसला नाही.

शेवटी भावाने पुण्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला पलंगावर बसवलं, डोकं एका बाजूला वळवून झटकन मागे आडवं केलं आणि माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले. डोळे नाचायला लागले. म्हणाले, सापडलं. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून शिरतात आणि डोकं विशिष्ट पद्धतीने वळलं की मेंदूला खोटी बातमी जाते. याला बीपीपीव्ही म्हणतात. मग एपली म्हणून एक कृती असते, डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते कण पूर्वीच्या जागी लोटायचे. दहा मिनिटं. चौदा महिने विरुद्ध दहा मिनिटं! परतताना रिक्षात मी रडले, आनंदाने नाही, संतापाने.

हे एवढं लांबण लावलं कारण तुमच्या पोस्टमध्ये कानाच्या तपासणीचा उल्लेख कुठेच नाही. मी डॉक्टर नाही, तुमच्या आईला हेच असेल असंही म्हणत नाही. पण वर्ग लावण्याआधी एवढं करा: कान तपासा. आडव्या असताना आणि उभं राहिल्याबरोबर असं दोन्ही वेळचं बीपी मोजून घ्या. बी-१२ बघा, शाकाहारी असतील तर नक्कीच. मधुमेह असेल तर तळव्यांना स्पर्श नीट कळतो का ते बघा. आणि गोळ्यांची सगळी यादी एकाच डॉक्टरांसमोर ठेवा. चक्करेवर सर्रास दिली जाणारी प्रोक्लोरपेराझिन महिनोन्‌महिने घेतली तर हालचाली मंद होणं, हात थरथरणं असले प्रकार होऊ शकतात. (स्वतःहून काहीही बंद करू नका, विचारून करा.) अचानक चक्कर आणि सोबत जीभ जड होणं, दोन-दोन दिसणं किंवा एका अंगाला जोर नसणं, असं झालं तर मात्र थेट मोठं हॉस्पिटल. तिथे या वर्गांचा काही संबंध नाही.

माझी चक्कर गेली, पण चाल काही परत आली नाही. तोल तीन ठिकाणच्या बातम्यांवर चालतो: आतला कान, डोळे, आणि तळपाय-सांध्यांतून येणारी जाण. मी चौदा महिने मान गोठवून पहिलीला कुलूप लावलं होतं आणि सगळा भार डोळ्यांवर टाकला होता. दिवे गेले की उभी राहू शकत नव्हते. कानाचं काही बिघडलं तर मेंदू त्याच्याशी जुळवून घेऊ शकतो, पण त्यासाठी डोकं हलावं लागतं. ‘मान हलवू नका’ या एका वाक्याने नेमकं तेच बंद पाडलं.

त्या वर्षी लेकीकडे स्टुटगार्टला गेले. ते गाव टेकड्यांच्या मधल्या वाटीत वसलेलं, चारशेच्या वर सार्वजनिक जिने आहेत तिथे. माझ्यासाठी शिक्षाच. जर्मनीत गावोगावी प्रौढांसाठी लोकशिक्षणाची केंद्रं असतात, भाषेपासून शिवणापर्यंत सगळं शिकवतात, तिथे लेकीने माझं आणि तिचं नाव फेल्डेनक्राइसला घातलं. मोशे फेल्डेनक्राइस हा १९०४ साली आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेला माणूस, इंजिनियर, पॅरिसला ज्योलिओ-क्युरींच्या प्रयोगशाळेत काम केलेला, ज्युडोतला काळा पट्टा. गुडघ्याच्या जुन्या दुखापतीपायी स्वतःच्याच चालण्याचा अभ्यास करत बसला आणि त्यातून ही पद्धत आली. बाकी चरित्र तुम्ही वाचालच.

पहिल्या दिवशी मला वाटलं फसवणूक आहे. पंधरा-वीस माणसं लोकरी मोजे घालून चटयांवर उताणी. शिक्षिका काहीच करून दाखवत नाही! नुसती बोलते. ते मुद्दामच असतं, हे नंतर कळलं. करून दाखवलं की आपण नक्कल करतो, स्वतःच्या अंगाकडे बघत नाही. मला जर्मनचा गंध नाही. लेक शेजारी पडून कानात मराठी करून सांगायची: ‘आई, कोणती टाच जमिनीवर जास्त टेकलीय बघ. कमरेखाली किती पोकळी आहे? उंदीर जाईल की मांजर?’ (हे तिचं स्वतःचं.) मग कमरेखाली घड्याळाची तबकडी आहे असं समजायचं, बारा कमरेकडे, सहा माकडहाडाकडे, आणि अगदी जरासं सहावरून बारावर लोळायचं. मध्ये थांबायचं. पुन्हा. मग तीन आणि नऊ. मग गोल, पण कुठे घड्याळ अडखळतं ते शोधत. माझं चार ते पाचच्या मध्ये बंद पडायचं. पाऊण तासाने उभी राहिले तर दोन्ही तळपाय अख्खे जमिनीवर. कित्येक दिवसांनी.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण तुमच्या आईही तीच करतील. साताऱ्याला परत आले आणि हेच धडे घरी सुरू केले. पण पी.टी.च्या बाईंसारखे. एक-दोन-तीन-चार, प्रत्येकी वीस वेळा, जितकं जाईल तितकं ताणून, मधली विश्रांती म्हणजे आळस म्हणून गाळून. आखडलेल्या डाव्या बाजूला दुप्पट, ती ‘कच्ची’ म्हणून. आठव्या दिवशी कंबर धरली, तीन आठवडे पुन्हा अंथरूण. घरचे पुन्हा ‘जपून गं’ वर आले.

ही कवायत नाही, हे मला फार उशिरा उमगलं. डोक्यावर गव्हाचं पोतं असताना त्यावर कुणी मूठभर गहू टाकले तर कळत नाही. हातात फुलपात्र असेल तर चार दाणेसुद्धा कळतात. जोर जेवढा कमी, तेवढा बारीक फरक जाणवतो, आणि फरक जाणवला तरच मेंदू नवं काही उचलतो. म्हणून हालचाल निम्मी, किंबहुना पाव. आखडलेली बाजू सोडून आधी सोपी बाजू. विश्रांती तर धड्याचाच भाग, तेव्हाच दोन बाजूंतला फरक कळतो. कितीदा केलं ते मोजू नये. श्वास अडकला की समजावं, जास्त होतंय.

कपाटपणावर मला सगळ्यात उपयोगी पडला तो खुर्चीतला धडा. हात नसलेल्या टणक खुर्चीत पुढे सरकून बसायचं, पाय जमिनीवर. सहज उजवीकडे वळून नजर कुठे पोचते ते बघून ठेवायचं. मग डोकं उजवीकडे आणि डोळे डावीकडे, हळूहळू, थोडंसंच, पाच-सहा वेळा. थांबायचं. मग खांदे उजवीकडे पण नाक समोरच. थांबायचं. मग पुन्हा सगळं मिळून सहज वळायचं. नजर पूर्वीच्या खुणेच्या पुढे गेलेली असते, आणि जोर काहीच लावलेला नसतो. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी मागच्या कॅलेंडरवरची तारीख वाचली. डोळे, मान, बरगड्या, कंबर यांना मी एकाच कुलपात अडकवलं होतं, ते सुटं झालं. मात्र चक्कर अजून चालू असेल तर कानाचा निकाल लागेपर्यंत हा धडा करू नका.

याने तोल सुधारतो का, याचं सरळ उत्तर: माझा सुधारला. जगाचं म्हणाल तर या पद्धतीवरचा अभ्यास थोडका आणि छोट्या गटांवरचा आहे. ऑस्ट्रेलियाने तर पुरेसा पुरावा नाही म्हणून एप्रिल २०१९ पासून खाजगी आरोग्यविम्यातून ही पद्धत वगळली. गंमत म्हणजे त्याच यादीत योग आणि ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) पण होते, तेव्हा यादीवरून फार घाबरूही नका. उलट, म्हाताऱ्या माणसांच्या पडण्यावर एकूण व्यायामाचा पुरावा भक्कम आहे: शंभरावर चाचण्या एकत्र करून २०१९ साली निघालेला निष्कर्ष असा की व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटतं, आणि त्यातही तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम कामाचे. म्हणून मी दोन्ही करते. धडे जाण येण्यासाठी. आणि ताकदीसाठी ओट्याला धरून चवड्यांवर उठणं, खुर्चीतून हात न लावता उठबस. कुणी ‘फक्त हेच करा, बाकी सगळं चूक’ म्हणाला तर पैसे देऊ नका. ‘सहा बैठकांत खात्री’ वाले आपल्याकडेही उगवलेत, एकाकडे आगाऊ भरलेले पैसे मला अजून मिळालेले नाहीत. असो.

जाता जाता, तुम्ही विचारलं नाही तरी. मोरीच्या दारातलं ते गुंडाळणारं पायपुसणं आजच उचला. जिना उतरताना प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच भिंगात जवळचा-लांबचा नंबर असलेला) घात करतो, पायरी पुसट दिसते. जिन्यापुरता लांबचा साधा चष्मा बरा. काठी वापरत असतील तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, आमच्या आळीतले निम्मे लोक उलट धरतात. आणि जमिनीवर बसणं सोडू देऊ नका. आपली पिढी मांडी घालून जेवली, ती ताकद पलंग आणि सोफ्याने घालवली. जमिनीवर उतरायचं आणि उठायचं कसं, कुशीवर वळून, हात टेकून, गुडघ्यावर येऊन, हाही एक धडाच असतो. पडले तरी उठता येईल, हे कळलं की निम्मी भीती तिथेच जाते. माझी गेली. गुडघा बदललेला असेल किंवा हाडं फार ठिसूळ असतील तर आधी विचारून, शेजारी कुणीतरी असताना.

शिक्षक आपल्याकडे हातावर मोजण्याइतके, तेही बहुतेक मोठ्या शहरांत. ऑनलाइन चालतं, कारण शिक्षक तसाही करून दाखवत नसतो, फक्त बोलतो. अडचण एवढीच की बहुतेक धडे इंग्रजीत. तुमच्या आईला इंग्रजी जमत नसेल तर हेडफोन तुम्ही घाला, त्यांच्या शेजारी सतरंजीवर आडव्या व्हा, आणि ऐकाल ते हळू आवाजात मराठीत सांगत जा. भाषांतराला वेळ लागतो, त्यामुळे त्यांना आपोआप सावकाश करावं लागेल. माझं तसंच झालं होतं. फक्त मध्येच ‘जपून गं’ म्हणू नका.